पिवळ्या साडीचं हालेलूया

ईस्टरची उपासना बसवायचं काम माझ्या गळ्यात पडलं ते माझ्याच तोंडामुळे. शरणपूरच्या आमच्या मंडळीत नवे पाळकसाहेब, म्हणजे पाद्रीसाहेब, आले होते. एका रविवारी चर्चबाहेर उभी असताना मी त्यांना म्हणाले, "साहेब, ईस्टर म्हणजे आपला सगळ्यांत आनंदाचा सण, आणि आपण तो कबरस्थानात जांभया देत साजरा करतो." खोटं नव्हतं ते. पहाटे मेणबत्त्या घेऊन कबरींमध्ये उभं राहायचं, तीच चार भजनं म्हणायची, बायांना प्रभूची कबर रिकामी सापडते तोच बायबलमधला उतारा ऐकायचा आणि घरी येऊन पोहे खायचे. पाळकसाहेब हसले आणि म्हणाले, "मग बाई, या वर्षीची उपासना तुम्हीच बसवा." ऐंशी साल असेल, किंवा एखादं वर्ष मागेपुढे. माझ्या लग्नाला जेमतेम दोन वर्षं झाली होती, मी प्राथमिक शाळेत शिकवत होते आणि आपल्याला सगळंच जमतं अशी माझी पक्की समजूत होती.

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस उपासाचे आणि प्रभूचं दुःख आठवण्याचे. त्या दिवसांत आमच्याकडे 'हालेलूया' हा देवाच्या स्तुतीचा शब्द गात नाहीत. तो एकदम ईस्टरच्या पहाटेच तोंडातून निघतो. मी ठरवलं, शब्द गप्पच ठेवायचा आहे ना, मग तो खराखुरा पुरून टाकू. मोठ्या कापडावर त्याची अक्षरं शिवायची, कापड डब्यात घालायचं आणि उपास सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी डबा कबरस्थानात पुरायचा. ईस्टरला सगळ्यांदेखत तो उकरायचा, कापड काठीला लावायचं आणि गात गात चर्चपर्यंत मिरवत न्यायचं. बाहेरदेशी कुठे कुठे असं करतात हे मी वाचलेलं होतं, पण सांगताना सगळं माझ्याच डोक्यातून निघाल्यासारखं सांगितलं.

कापडाचं घरी बोलणं चाललं होतं तेव्हा सासूबाई उठल्या. ट्रंक उघडल्याचा आवाज आला आणि त्या एक पिवळी साडी घेऊन बाहेर आल्या. "ही घे. रंग उठून दिसेल," म्हणाल्या. ह्यांचा चेहरा एकदम उतरला. ती साडी माझ्या नणंदेची होती. मी तिला पाहिलेलंही नाही. माझ्या लग्नाच्या चार वर्षं आधी, एकोणीस वर्षांची असताना, ती काविळीने गेली. त्याआधी शरणपुरात ईस्टरचं पहिलं भजन सासूबाई धरायच्या. त्यांच्यासारखा गळा पंचक्रोशीत नव्हता म्हणतात. मुलगी गेल्यापासून त्या रविवार चुकवत नसत, उभ्या राहत, पुस्तक उघडत, पण ओठ मिटलेले. सहा वर्षं झाली होती. त्यांनी आपणहून साडी दिली तेव्हा मला वाटलं, चला, आईंच्या मनातली गाठ सुटायला लागली. एवढा आनंद झाला की 'आई, नक्की ना?' असं साधं विचारायचंही मला सुचलं नाही. अक्षरंही त्यांनीच शिवली, बारीक टाक्यांनी, चार दुपारी बसून.

ठरल्या रविवारी आम्ही बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात कापड घातलं आणि जुन्या कबरींच्या मागे, कुंपणाकडच्या मोकळ्या जागेत पुरलं. खूण म्हणून मी वर एक वीट ठेवली. सासूबाई जरा लांब उभ्या होत्या. घरी आल्यावर डोकं दुखतंय म्हणून जेवल्या नाहीत. मी अमृतांजन दिलं आणि वह्या तपासायला बसले. माझा शहाणपणा तो एवढाच.

पुढचे आठवडे मी सगळ्यांना पळवत होते. पेटीवाल्या काकांना नवी चाल शिकवली, बायकांकडून उतारा पाठ करून घेतला. शेवटी ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी चारच्या सुमाराला, एकदा जागा बघून यावी म्हणून कबरस्थानात गेले. सगळं कसं झाडूनपुसून लख्ख होतं. कबरींना नवा चुना लागला होता आणि माझी वीट गायब होती.

ईस्टरआधी कबरस्थान साफ करायची आमची रीत. घरोघरची माणसं येतात, चुना लावतात, पडलेलं उचलतात. हे मी शरणपुरात दोन ईस्टर बघितलेलं, आणि तरी कबरस्थानात खूण म्हणून वीट ठेवली. राखणदाराला विचारलं तर तो खुशीत सांगायला लागला, "त्या विटा व्हय बाई? लय पडल्या व्हत्या. समद्या गोळा करून नव्या कबरींच्या कडंनं लावल्या. बघा की, कसं झ्याक दिसतंय." दिसत होतं खरं झ्याक. मी त्याच्याकडूनच खुरपं घेतलं आणि अंदाजाने खणायला बसले. उन्हाने जमीन दगड झालेली. चार ठिकाणी खणलं. मुळ्या निघाल्या, एका बाटलीची काच निघाली.

उपासनेचं काय होईल हे मनात आलं, नाही असं नाही. पाळकसाहेब काय म्हणतील, बायका कशा हसतील. पण खरी भीती त्याची नव्हती. एका आईने मुलीची राहिलेली एकुलती एक साडी माझ्या हातात ठेवली होती आणि मी ती हरवून बसले होते. आता हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं, ते मला कळेना. रडू येत होतं आणि स्वतःचा भयंकर राग येत होता.

घरी आले तर सासूबाई स्टोव्हसमोर बसल्या होत्या. माझ्या माहेराहून, लासलगावहून आलेल्या कांद्यांची सालं घालून सणासाठी अंडी उकडत होत्या. त्या सालांनी अंड्यांना छान तांबूस रंग चढतो. मी दारातच सांगून टाकलं, "आई, जागा सापडत नाही. वीट उचलली कोणीतरी. चार ठिकाणी खणलं."

त्यांनी माझ्या मातीच्या हातांकडे पाहिलं, स्टोव्ह बारीक केला आणि आत गेल्या. परत ट्रंकेचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात पिवळं कापड होतं, नीट घडी घातलेलं, डांबराच्या गोळ्यांचा वास येत असलेलं. मी हात पदराला पुसत स्टोव्हपाशी जाऊन बसले.

"चौथ्या दिवशीच काढून आणलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, वाळवी लागेल." मग पळीने अंडी हलवली आणि म्हणाल्या, "वाळवीचं खोटं सांगतेय. मी तिला एकदा पुरलंय गं. परत नाही जमलं मला."

माझ्या जिवात जीव आला आणि त्याच क्षणी शरमेने कानशिलं तापली. "मग आई, सांगितलं का नाही?"

"कसं सांगू? तू एवढ्या हौसेने सगळं बसवलेलं. रोज म्हणायचे, आज सांगू, उद्या सांगू. तू रागावशील म्हणून भीती वाटायची."

मला घाबरत होत्या त्या! आणि मी वाटभर त्यांना घाबरत आले होते. मी हसायला लागले, मग रडायला लागले, आणि त्यांनी पदराने माझं नाक पुसलं, शाळेतल्या पोरीचं पुसावं तसं.

डबा मात्र त्यांनी होता तिथेच रिकामा पुरून ठेवला होता. "तिच्या कबरीच्या पायथ्यापासून कुंपणाकडे आठ पावलं," म्हणाल्या. विटेची गरजच नव्हती त्यांना. मी लगेच उठले. म्हटलं, अजून उजेड आहे, जाऊन कापड आत घालून येऊ.

"नाही," त्या म्हणाल्या. "हे आता मातीत जायचं नाही."

"अहो पण आई, उद्या सगळ्यांसमोर डबा रिकामा निघेल."

"निघू दे. त्या बाया प्रभूच्या कबरीवर गेल्या तेव्हा तरी काय होतं तिथे?"

एवढे आठवडे उपासना मी बसवत होते आणि तिच्यातली मुख्य गोष्ट स्टोव्हपाशी बसून त्यांनी सांगितली. त्या फक्त कापड घेऊन येतील एवढं ठरलं. गाण्याचा विषय मी काढला नाही.

पहाटे पाळकसाहेबांना काही सांगायला सवड झालीच नाही. खरं म्हणजे मला धीर झाला नाही. मी आठ पावलं मोजून जागा दाखवली, ह्यांनी डबा उकरून काढला, पाळकसाहेबांनी झाकण उघडलं आणि उलटा करून झटकला. काहीच पडलं नाही. मागून एक म्हातारबुवा म्हणाले, "चोरलं कोणीतरी." पाळकसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मेणबत्ती विझली नसताना ती पेटवायला घेतली.

तेवढ्यात फाटकाकडून आवाज आला. सासूबाई येत होत्या. कापड काठीला नव्हतं, त्यांनी ते खांद्यावरून पांघरलं होतं. आणि त्या गात होत्या, तो एकच शब्द. आवाज बसलेला, खरखरीत. मध्येच तुटला. त्या थांबल्या, खोकल्या आणि पुन्हा सुरुवात केली. पेटीवाले काका सूर शोधत होते, तो त्यांना सापडत नव्हता. माझी नवी चाल सगळे विसरले आणि त्यांच्यामागून जुन्याच चालीत गायला लागले. मुलीच्या कबरीपाशी त्या क्षणभर उभ्या राहिल्या, पण गाणं थांबवलं नाही. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं ते तिथे, आदल्या दिवशी ट्रंकेपाशी नव्हे.

घरी येताना हे रिकामा डबा बगलेत धरून पुढे चालले होते, सारखे नाक शिंकरत. सासूबाई माझ्याबरोबर होत्या. चालता चालता त्यांनी कापडाची घडी घातली. मग म्हणाल्या, "घसा फार बसला होता ना?"

"हो, जरा," मी म्हणाले.

"त्या पेटीवाल्याला सांगून ठेव," त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी जरा खालचा सूर धर म्हणावं."