स्टोअरकाकांचे सुटे शब्द

स्टोअरकाकांना अख्खा शब्द बघवत नसे. हाती लागला की ते त्याचे नटबोल्ट सोडवायला बसत. बोईसरच्या आमच्या कारखान्यात ते स्टोअर सांभाळत आणि मी टाइम ऑफिसात कारकून होतो. ऐंशी सालच्या सुमारास त्यांनी टपालाने एस्पेरांतो ही साऱ्या जगासाठी बनवलेली भाषा शिकायला घेतली, आणि जेवणाच्या सुट्टीत मला धरलं.

"मालसानुलेयो," ते रॅकच्या पत्र्यावर खडूने लिहीत. "आता खोला. सान म्हंजे बरा, लॅटिनातला. माल लावला का उलटा, म्हंजे आजारी. उल म्हंजे मानूस, एयो म्हंजे जागा. झाला दवाखाना! आजाराला सोताचा शब्दच नाय बघा. माल काढला का परत बरा." हा एक शब्द त्यांनी मला शंभरदा तरी खोलून दाखवला असेल.

खरं सांगायचं तर माझं लक्ष डब्यात. त्यांची बायको, आमच्या काकी, केळव्याहून सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी माझ्याही वाटणीची पाठवत. बोंबील खायचा आणि मान डोलवायची, एवढाच माझा अभ्यास. बारा वर्षं डोलावली. काका घरी कौतुकाने सांगत, "माज्यामागं ही भाषा जाननारा एक तरी हाय." मी ते कधी खोडलं नाही. चटणी बंद झाली असती ना!

निवृत्तीनंतर त्यांना अर्धांगाचा झटका आला. पालघरच्या दवाखान्यात चार दिवसांनी वाचा परतली, पण मराठी गेली होती. तोंडून येई ती एस्पेरांतोच. काकींनी मला बोलावून घेतलं. "तुमालाच ती बोली येते. काय मागतात ते सांगा."

काकांनी माझा हात घट्ट धरला. पुन्हा पुन्हा तेच, "मालसानुलेयो... हेयमेन... हेयमेन." पहिला शब्द तेवढा कळला. 'मला येत नाही' म्हणायला जीभ रेटेना. मी म्हणालो, "दवाखाना चांगला आहे म्हणतात. इथंच राहू द्या."

"मंग रावू दे," म्हणत काकींनी पांघरूण सारखं केलं. काका माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात सोडला. मराठी बोलता येत नसली तरी त्यांना ती समजत होती, हे मला तेव्हा कळलं.

तिसऱ्या दिवशी ते तिथंच गेले.

महिन्याभराने केळव्याला गेलो. काकींनी पान वाढलं आणि काकांची वही पुढ्यात ठेवली. "तुमच्याबिगर कोनाला कलनार?" मी चाळली. त्यांच्या टपोऱ्या अक्षरात एका पानावर होतं: हेयम म्हणजे घर. हेयमेन, घराकडे.

हातातला घास मी पानात परत ठेवला.

"समदं बरोबर लिवलंय ना त्यांनी?" काकींनी विचारलं.

मी मान डोलावली.