उणे जरा जड असतं

लहानातून मोठं वजा होत नाही. हे मला चौथीत गुरुजींनी सांगितलं होतं. चौथीनंतर मी शाळेत गेले नाही, त्यामुळे ते पुढे बदललं असेल अशी शंका मला कधी आली नाही. पाटीवर तीनातून आठ वजा करायला आले की आम्ही "होत नाही" असं लिहायचो आणि बरोबरची खूण मिळायची. काहीही न करता मिळणारी ती एकच खूण होती, म्हणून ती पक्की लक्षात राहिली.

साखऱ्याहून लग्न होऊन मी कनेरगाव नाक्याला आले. बोलणं मला आधीपासूनच कमी. शेजारच्या एका म्हातारीला पहिली काही वर्षं मी मुकी आहे असं वाटायचं. तिने ते गल्लीत सांगितलंही, आणि मी त्यावर काही बोलले नाही.

आमचे मालक आठवडी बाजारात हळदीच्या आणि तिखटाच्या पुड्या विकायचे. पुड्या घरीच बांधायच्या. ते तराजूवर तोलून द्यायचे, मी कागद दुमडून वर दोरा गुंडाळायची. तराजूला हात फक्त त्यांचा. संध्याकाळी पुड्या बांधताना थोरली मुलगी माझ्याजवळ अभ्यासाला बसायची. ती पाढे म्हणायची, चुकली की मी हात थांबवायची. मग ती काही विचारायची, मी काही सांगायची, शाळेतल्या पोरींच्या भानगडी निघायच्या. दिवसभरात माझं जे काय बोलणं व्हायचं ते त्या वेळात. मी चौथीपर्यंतची, पण पाचवीचं वर्षही कसंबसं ओढून नेलं.

सहावीत तिचं पुस्तक शून्याच्या खाली गेलं. थंड मुलखातल्या एका गावाचं तापमान दिलं होतं. आमच्याकडे शून्याच्या खाली आजवर काही गेलेलं नव्हतं.

"माय, हे काय हाय? तीन अधिक उणे आठ."

मी पाहिलं. अधिकही होतं आणि उणेही होतं. छापताना चुकलं असेल असं वाटलं.

"एक काहीतरी धर. अधिक धरलं तर अकरा. उणे धरलं तर होत न्हाई."

"होत न्हाई असंच लिहू?"

"लिही. बराबर हाय."

तिने लिहिलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी ते सगळ्या वर्गाला वाचून दाखवलं. संध्याकाळी तिने दप्तर उचललं आणि म्हणाली, "तू राहू दे माय. तुझं चौथीपर्यंतच हाय." रागाने म्हणाली नाही. ती शेजारच्या घरी जाऊ लागली. तिथली सून बारावी झालेली होती. मुलगी तिला काकू म्हणायची.

मग संध्याकाळी मी एकटीच पुड्या बांधू लागले. मधली भिंत बुटकी होती, पलीकडचं सगळं ऐकू यायचं. काकूचं शिकवणं चांगलं होतं. ती म्हणायची, शून्याच्या एका बाजूला धन, दुसऱ्या बाजूला उणे. बेरजेत ज्याचा जोर जास्त, त्याचं चिन्ह उत्तराला. दोन्हीकडचं सारखं असलं की शून्य. ऐकताना माझ्या हातातली हळदीची पुडी मला धन वाटायला लागली आणि तिखटाची उणे. ज्याचा जोर जास्त ते पारडं खाली. हे तर आमच्या घरात रोज चालतं, मग पोरीला भिंतीपलीकडे काहून जावं लागतं, असं मनात आलं.

एकदा मालक बाहेर गेल्यावर मी तराजू खुंटीला अडकवला आणि मुलीला हाक मारली. ती दप्तर घेऊन निघालीच होती, दारात थांबली.

"हे बघ. उजवीकडे हळद, अधिक पाच. डावीकडे तिखट, उणे पाच." मी मोजून पुड्या घातल्या. "आता दोन्ही सारखं. शून्य येतं का न्हाई बघ."

डावं पारडं खाली गेलं. फार नाही, पण गेलं.

मी दांडी हाताने सरळ केली. ते पुन्हा खाली गेलं.

"काकू म्हणतात शून्य येतं," मुलगी म्हणाली.

"यायला पाहिजे."

"मग?"

मी पुड्या काढून पुन्हा मोजल्या. ती गेली. थोड्या वेळाने भिंतीपलीकडून दोघींचं हसू ऐकू आलं. कशावर ते कळलं नाही, पण ते माझ्यावरच असं मी धरून चालले.

त्यानंतर काही दिवस मी असं समजून होते की उणे हे अधिकपेक्षा जरा जड असतं. खरं सांगायचं तर मला ते पटलंही होतं. घरात साखर आली तर कुणी बोलत नाही, संपली की सगळे बोलतात. पाहुणे आले ते विसरतात, आले नाहीत ते वर्षानुवर्षं निघतं. पुस्तकवाल्यांनी शून्य लिहिलं ते सोयीसाठी लिहिलं असेल, तराजू काही खोटं बोलत नाही, असा मी विचार केला.

शेवटी मालकांना विचारलं. मी आपणहून काही विचारलं की ते आधी घाबरायचे.

"एक इचारू का? तिखटाची पुडी हळदीपेक्षा जड भरते काय?"

"काहून? गिऱ्हाईक काही बोललं का?"

"न्हाई. मीच तराजूला लावून पाहिली."

"कधी?"

"तुमी बाहेर गेलते तवा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग तराजूकडे. आणि असे हसले की खोकला लागला. खिशात हात घालून त्यांनी दोरा बांधलेला एक खडा काढला आणि उजव्या पारड्याच्या साखळीला अडकवला.

"अगं, पासंग! ही दांडी घेतल्यापासून डावीकडं पडते. लेकरं खडा हरवतात म्हणून मी तो खिशात ठेवतो. तू बिनापासंगाचा तोलून राहिली."

म्हणजे उणे जड नव्हतं, आमचा तराजू वाकडा होता. थोडं वाईट वाटलं.

बाप हसतोय कशाला हे पाहायला मुलगी भिंतीवर चढून आली. ती आहे तोवर करून घ्यावं म्हणून मी लगेच पुड्या मांडल्या. पाच आणि पाच: दांडी सरळ. मग हळदीच्या तीन, तिखटाच्या आठ: डावं पारडं खाली. हळद एकेक वाढवत गेले, पाच वाढवल्या तेव्हा दांडी सरळ झाली.

"पाच कमी पडत होत्या," मी म्हटलं. "म्हणून उणे पाच."

मुलगी भिंतीवरून उतरून आत आली. "आता मी घालते. उणे तीन अन् उणे पाच. हे सोपं हाय, अधिक आठ."

"अधिक काहून?"

"उणे-उणे अधिक असतं माय. शाळेत पाठ करून घेतलं."

"घालून बघ."

तिने तिखटाच्या तीन आणि वर पाच पुड्या डावीकडे घातल्या. डावं पारडं खाली गेलं ते वर यायचं नावच घेईना. उजवीकडे तर काही नव्हतंच.

"तराजू बिघडला असंल," ती म्हणाली.

"पासंग लावलाय बाई आता," मालक म्हणाले. "माझ्या तराजूला नाव ठेवू नको."

ती तशीच भिंतीवरून पलीकडे गेली. काकूचा आवाज आला, "अगं, ते गुणाकाराला. बेरजेत दोन उणे मिळून मोठं उणेच होतं." मुलगी परत आली आणि तिने ते मला न सांगता खुंटीकडे बघून सांगितलं. मी पुड्या उचलून ठेवल्या. पण एक गोष्ट राहिली होती.

"मग गुणाकाराला काहून अधिक होतं?"

"तसंच असतं."

"पण काहून?"

ती भिंतीकडे निघाली, अर्ध्यात थांबली, आणि परत येऊन माझ्यासमोर बसली. "थांब, मी सांगते. पण तू मधी मधी बोलू नको."

मला असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

तिने सांगितलं. मला कळलं नाही, आणि मी तसं म्हटलं. तिने वही उलटी करून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तेवढ्यात काकूने पलीकडून हाक मारली, येते का म्हणून.

"आज न्हाई येत, काकू," मुलगी ओरडली. "मायला कळून न्हाई राहिलं."