कनातीतली फक्की

आमच्या गावच्या हायस्कूलच्या मैदानाला आता स्टेडियम म्हणतात. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या झाल्या, लोखंडी फाटक आले, फाटकावर पाटी लागली. मी सकाळी तिथे चालायला जातो. पायऱ्यांवर बसत नाही. पायऱ्या नव्हत्या तेव्हा लोक जमिनीवर बसत, लिंबाच्या झाडावर चढत, शाळेच्या पत्र्यांवर चढत. आणि त्यांना खाली उतरवणे हे माझे काम असे. मी तिथे क्रीडाशिक्षक होतो.

गावाचे जे काही होई ते त्या मैदानावर होई. झेंडावंदन, कबड्डीचे सामने, कुस्त्या, पुढाऱ्यांच्या सभा, जयंतीच्या मिरवणुकीचा समारोप. भूकंपानंतर काही दिवस मदतीच्या धान्याच्या थप्प्याही तिथेच लागल्या होत्या. या गोष्टींकडे मी विश्वासाने कधी पाहिले नाही. अविश्वास हा माझ्या कामाचा भाग होता. कबड्डीच्या संघात दुसऱ्या जिल्ह्यातला हवालदार ‘आमच्या गावचा शेतकरी’ म्हणून उतरे. मी त्याला हरभऱ्याची पेरणी कधी केली ते विचारी. शाळकरी मुलांच्या गटात मिशा घेऊन मुले येत. मी दात पाहत असे. रस्सीखेचीत दोराचे मागचे टोक झाडाला बांधलेले मी स्वतः सोडले आहे. त्यामुळे सायकलवाला आला तेव्हा मी तयार होतो.

हा खेळ आता दिसत नाही. माणसाने सात दिवस, सात रात्री सायकलवरून न उतरता मैदानात फिरत राहायचे. जेवण सायकलवर, दाढी सायकलवर, डोक्यावर घागर ओतून आंघोळही सायकलवर. भोंग्यावर गाणी लागत, संध्याकाळी सारे गाव जमे. दिवाळीची सुट्टी होती. त्याच्यासोबत त्याची बायको आणि धाकटा भाऊ होता. भाऊ माईकवर बोलत असे. दोघे भाऊ एका साच्यातले होते: तीच उंची, तेच हडकुळे खांदे, तशीच बारीक मिशी. सायकलवाला दिवसभर काळा चष्मा लावी. उन्हासाठी, असे तो सांगे.

पसरलेल्या पंच्यावर लोक नारळ, ज्वारी, नाणी टाकत. पण त्याला खरा हवा होता तो शाळेच्या शिक्क्याचा दाखला. दाखला असला की पुढच्या गावी मैदान मिळे. नसला की भामटा म्हणून हाकलत. इथून पुढे त्याला लोहाऱ्याला जायचे होते आणि तिथल्या लोकांनी आधी दाखला आणा असे बजावले होते.

“आधीचे दाखले कुठे आहेत?” मी विचारले.

“भिजले की सर. सोनारीच्या यात्रेत खेळ केला, तिथला व्हता, अजून दोन-तीन गावचे व्हते. पेटीत पाणी शिरलं अन् समदं वाहून गेलं.”

“कोणत्या पावसात?”

त्याने बायकोकडे पाहिले. ती म्हणाली, “मागल्या.”

मुख्याध्यापकांनी अट घातली: पाय जमिनीला लावायचा नाही. सात दिवस तो लागला नाही असे क्रीडाशिक्षकांनी लिहून दिले, तरच शिक्का.

मैदानाच्या कोपऱ्यात चार बांबू रोवून त्यांनी कनात उभी केली होती. देहधर्मासाठी सकाळ-संध्याकाळ तो सायकलसह आत जाई आणि काही वेळाने सायकलसह बाहेर येई. गावाचा सगळा संशय त्या कनातीवर होता. शाळेच्या फाटकासमोर चहाचे हॉटेल होते. तिथे निकाल दुसऱ्याच दिवशी लागून गेला होता.

“सर, दोघं हायती,” हॉटेलवाला म्हणाला. “एक पायडल मारतोय, एक झोपा काढतोय. कनातीत गेलं की बदली.”

“तुम्ही पाहिलंत?”

“बघितलं असतं तर तुमाला सांगत बसलो असतो व्हय? धरून आणला असता.”

बाकावरचा एक शेतकरी म्हणाला, “आरं, त्याची बायकू तरी वळखत असंल का न्हाय, वर कोण अन् खाली कोण?”

“वळखली तर तुला येऊन सांगती का ती?”

हॉटेल हसले. मी हसलो नाही, कारण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. सायकलवाला कनातीत गेला की माईकवरचा भाऊ गप्प होई आणि नुसती तबकडी वाजत राही.

मी खूण शोधली. सायकलवाला अनवाणी असे आणि त्याच्या उजव्या अंगठ्याचे नख ठेचाळून काळे पडले होते. संध्याकाळी तो कनातीतून बाहेर आला तेव्हा मी सायकलच्या बाजूने चालत जाऊन नख पाहिले. काळेच होते. नख रंगवताही येते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फक्कीचे घमेले उचलले. मैदानावर रेघा आखण्याची ती पांढरी भुकटी माझ्याच ताब्यात असे. धावपट्टी आखतो आहे असे दाखवत मी कनातीपर्यंत गेलो आणि आतल्या जमिनीवर फक्कीचा पातळ थर पसरून दिला. कोणी पाहिले नाही. तो आत गेला, भोंग्यावर गाणे लागले, तो बाहेर आला. बायको पाण्याला गेली तेव्हा मी आत शिरलो.

चाकांचे पट्टे स्वच्छ उमटले होते. उजवीकडे बाईची अनवाणी पावले होती. डावीकडे पुरुषी चपलांचे ठसे होते, म्हणजे भाऊ आत होता, हे ठरले. अनवाणी पुरुषाचे पाऊल मात्र कुठेही नव्हते. बाईचे एक पाऊल आणि चपलेचा एक ठसा चाकांना अगदी खेटून, पायडलाच्या बरोबर खाली पडले होते. माणसे इतकी जवळ का उभी राहिली, ते मला उमगले नाही.

दुसरा कोणी इथे समाधान मानून दाखल्याला हो म्हणाला असता. मी चपलांचा विचार केला. खाली उतरणारा चपला घालूनच उतरला, आणि चपला काढून दुसरा वर चढला, तर फक्कीला काय कळणार?

पाचव्या दिवशी दुपारी मी भावाला बोलावले.

“आज संध्याकाळी तो आत जाईल तेव्हा तुम्ही बाहेर बसायचं. या खुर्चीवर. सगळ्यांसमोर.”

त्याचा चेहरा उतरला. “बसतो की सर. पर मंग आत कोण?”

“आत कोण म्हणजे?”

तो कनातीकडे पाहू लागला. माझी खात्री पटली. मी म्हणालो, “नसेल जमत तर आजच सामान आवरा. दाखला मिळणार नाही.”

बायको कनातीच्या दोऱ्या आवळत होती. तिने ऐकले. पदर खोचून ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तोवर ती माझ्याशी एकाच शब्दाने बोलली होती.

“सर, तुमी आत या. तुमीच बघा. ह्यो बसंल भाईर.”

“मी कशाला आत येऊ?”

“बघायचंय नव्हं तुमाला? मंग भाईरनं काय बघताव?”

संध्याकाळी भाऊ खुर्चीवर बसला. मी त्याला माईकवर बोलत राहायला सांगितले, म्हणजे तो जागचा हलला तर मला आतून कळेल. मग मी कनातीत गेलो. पाठोपाठ सायकल आत आली. त्याचा देहधर्म आटोपेपर्यंत मी पाठ केली. वळलो तेव्हा बायकोने उजवीकडून सीट आणि हँडल धरले होते आणि सायकल माझ्या बाजूला कलत होती.

“धरा,” ती म्हणाली.

“मी पंच आहे. मी हात लावणार नाही.”

“मंग पडतील ह्ये. पडले तर पडले म्हणून लिवा.”

मी धरले. विचार करून धरले असे म्हणता येणार नाही. तोल जाणाऱ्या माणसाकडे हात आपोआप जातात. त्याने चष्मा काढला, माझ्या खांद्यावर डोके टेकले आणि मी नीट पाय रोवून उभा राहण्याआधीच तो झोपला होता. खोटी झोप मला ओळखता येते. कवायतीत चक्कर आल्याचे सोंग करणारी पोरे मी पुष्कळ पाहिली आहेत. सोंग करणारा आपले वजन थोडे तरी स्वतःकडे ठेवतो. या माणसाने सगळे वजन सोडून दिले होते. हडकुळा माणूस, पण भरल्या पोत्यासारखा जड लागला. त्याचे पाय मात्र झोपलेले नव्हते. पायडल सोडून हवेतच अर्धा फेरा पुढे, अर्धा मागे करत होते. एक फेरा चुकला आणि पाय लोंबकळत खाली आला.

“पाय घाला,” ती कुजबुजली.

“काय?”

“तुमचा पाय. त्यांच्या पायाखाली. लवकर.”

तिच्या बाजूला तिचे अनवाणी पाऊल पायडलाच्या बरोबर खाली पुढे सरकलेले होते. तेव्हा मला फक्कीतले ठसे कळले. मी उजवा बूट पुढे केला. त्याचा पाय बुटावर येऊन टेकला. कॅनव्हासमधून त्याची ऊब लागली.

बाहेर भाऊ बोलत होता. काय बोलावे हे त्याला सुचत नव्हते. तो गावाचे आभार मानत होता, मग पुन्हा गावाचेच आभार मानत होता. आम्ही दोघे एका झोपलेल्या माणसाला दोन बाजूंनी धरून उभे होतो आणि एकमेकांकडे पाहत नव्हतो. माझा खांदा बधिर झाला. शेवटी तिने ओल्या फडक्याने त्याचे तोंड पुसले. तो दचकला, चष्मा लावला, पायडलावर पाय ठेवले आणि बाहेर पडला. बाहेर टाळ्या झाल्या.

त्यानंतर दोन दिवस मी स्वतःला एकच प्रश्न विचारत होतो. पंचाने खेळाडूला हात लावला की सामना बाद होतो. मग मला आत बोलावण्यात तिचा हेतू काय होता? खरे दाखवणे, की मला सामील करून घेणे? आता मी ‘त्याला आधार दिला जातो’ असे लिहिले, तर आधार देणाऱ्यांत माझेही नाव येत होते. इतकी सोयीची गोष्ट योगायोगाने घडत नाही.

मी मुख्याध्यापकांना कनातीतला सगळा प्रकार सांगितला. माझा बूटही सांगितला. त्यांनी ऐकून घेतले.

“अट काय होती?”

“पाय जमिनीला लावायचा नाही.”

“लागला?”

“मी पाहिलं तेवढ्यात नाही.”

“कुठून पाहिलंत?”

“जवळून.”

“मग लिहा.”

मी लिहिले. पाय जमिनीला लागल्याचे आढळले नाही, एवढेच लिहिले. शाबासकीचा एकही शब्द घातला नाही.

सातव्या संध्याकाळी मैदानात पाय ठेवायला जागा नव्हती. मुख्याध्यापकांनी सायकल थांबवली. सायकलवाल्याने उजवा पाय खाली सोडला आणि बायकोने सवयीने आपले पाऊल त्याखाली सरकवले. लोक हसले. तिने पाऊल काढून घेतले, पाय जमिनीला लागला, आणि त्याचे गुडघे मोडले. भावाने त्याला काखेत धरले. त्याच्या पोटऱ्या मी नीट पाहिल्या. त्या थरथरत होत्या. दाखला त्याने जमिनीवर बसूनच घेतला. बायकोने तो प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली आणि कंबरेला खोचली.

हॉटेलवाल्याने मला फाटकातच गाठले. “खरं सांगा सर, दोघं व्हते का न्हाय?”

“तुम्ही पाहिलं नाहीत ना?”

“न्हाय.”

“मग बोलू नका.”

पुढच्या वर्षी तालुक्यांच्या सामन्यांसाठी मी लोहाऱ्याला गेलो. तिथला क्रीडाशिक्षक माझ्याच वयाचा, कडक माणूस होता. चहा घेताना त्याने सायकलवाल्याचा विषय काढला. “तुमच्या सहीचा कागद होता म्हणून मैदान दिलं. पण मला शंकाच होती. तो माईकवरचा भाऊ आणि ती कनात.”

“मग?”

“भावाला बाहेर बसवला.”

मी कप खाली ठेवला. “आणि बाई म्हणाली, तुम्हीच आत या.”

त्यानेही कप खाली ठेवला. “कोणता पाय?” त्याने विचारले.

“उजवा.”

“माझाही.”

बाहेर सामना सुरू करायचा होता, आणि पाहुण्या संघातला एक मुलगा मला वयाने मोठा वाटत होता.