कमी पाण्याचं इंग्रजी

लातूरचा नवा जिल्हा झाला, त्यानंतरच्या दुष्काळात कलेक्टर कचेरीसमोर एक चहावाला होता. तलावाचा बांध 'स्ट्रेंग्थन' करायचा, म्हणजे मजबूत करायचा, असं साहेबलोक चहा पिताना बोलत. तेवढं क्रियापद त्यानं उचललं. मिशीवर पालथी मूठ फिरवून तो कप पुढं करायचा, "घ्या मास्तर, इस्ट्रेंथन केलाय!"

मी इंग्रजीचा मास्तर. विचारलं, "म्हणजे काय, माहीत आहे का?"

"हाव की. पाणी कमी पडलं की जे होतं ते."

शब्दकोशात हा अर्थ नव्हता, पण लातुरात तोच बरोबर होता.

पुढच्या वर्षी नळाला पाणी आलं आणि चहा पांचट लागला. मी तोंड वाकडं केलं.

"किती दिवस इस्ट्रेंथन राहायचं, मास्तर? आता जरा पातळ होऊ द्या की!"

मी आणखी एक कप मागितला.