शीमामा सहा मीटर खाली

माझा मेव्हणा, म्हणजे आमच्या हिचा धाकटा भाऊ, बावीस वर्षं दुसऱ्यांची लाळ धूत आलाय. चेष्टा नाही, नोकरीच तशी. प्रवाळ बघायला समुद्रात बुडी मारणाऱ्यांसाठी किनाऱ्यावर एक दुकान आहे. त्याच्या मागे पत्र्याच्या छपराखाली तीन टाक्या. पहिलीत साधं पाणी, दुसरीत औषधाचं, तिसरीत पुन्हा साधं. लोक वर आले की त्यांचे रबरी सूट, मास्क आणि तोंडात धरायच्या हवेच्या नळ्या ह्याच्यापुढे येऊन पडतात. एकेक वस्तू दोन बोटांत उचलायची आणि म्हणायचं, "शी!" आमची पोरं लहानपणी त्याला शीमामा म्हणायला लागली, ते नाव आता त्याच्या बायकोच्याही तोंडी बसलंय.

बरं, किळस उगाच नव्हती. मास्कच्या काचेवर वाफ धरू नये म्हणून माणसं तिच्यावर आतून थुंकतात आणि बोटानं चोळतात. चांगली शिकलीसवरलेली माणसं! आणि सुटात काय होतं ते सगळ्यांना ठाऊक असतं, कबूल कुणी करत नाही. शीमामा सूट नाकाशी नेऊन नुसत्या वासावर निकाल द्यायचा, "हा घाबरला होता. ही घाबरली नव्हती, नुसती आळशी."

समुद्राबद्दलही त्याचं मत तसंच. एकदा मी तिथल्या पांढऱ्याशुभ्र वाळूवर मस्त अंग टाकून पडलो होतो. हा येऊन उभा राहिला.

"दाजी, उठा."

"का रे बाबा?"

"पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि मागून ही वाळू सोडतो. तुम्ही शेणात लोळताय."

उठलो. त्यानंतर आजपर्यंत त्या वाळूवर बसलेलो नाही. पुढे तासभर ऐकवत होता. तोच पोपटमासा स्वतःच्या शेंबडाची मच्छरदाणी करून तिच्यात झोपतो, समुद्रकाकडी म्हणून एक प्राणी, त्याला त्रास दिला तर तो आतडी बाहेर फेकतो. "आणि हे बघायला लोक विमानानं येतात!" हे सगळं त्याला लेकीनं सांगितलेलं. स्वतः तो घोट्याच्या वर पाण्यात कधी गेला नव्हता.

ही त्याची लेक, एकुलती एक, त्याच दुकानात पाणबुड्यांची वाटाड्या व्हायला शिकत होती. दोन वर्षं सिलिंडर वाहून खांद्याला घट्टे पडलेले. शेवटची परीक्षा एकच. आयुष्यात कधी बुडी न मारलेल्या माणसाला सहा मीटर खाली न्यायचं, प्रवाळ दाखवायचं, धडधाकट वर आणायचं. परीक्षक बाई वर्षातून एकदाच यायच्या आणि दुपारी तीनच्या लाँचनं परत जायच्या.

परीक्षेच्या दिवशी मी तिथंच होतो. दारातल्या फळ्यावर पोरीनं सकाळीच लिहिलं होतं, "पाणी गढूळ, पाच मीटरपर्यंत दिसेल. ओढ कमी. हेलकावा भरपूर." पहिल्या बुडीसाठी नाव नोंदवलेलं जोडपं आलं, फळा वाचला आणि आल्या पावली परत गेलं. फळ्यावर जरा गोड लिहिलं असतं तर? पण पोर बापावर गेलेली, घाण दिसली की घाण म्हणणार.

परीक्षक बाई म्हणाल्या, "मी हाताच्या अंतरावर असेन, खडकाच्या आडोशाला पाणी चालण्यासारखं आहे. पण माणूस हवा. कधीच न उतरलेला."

दुकानातले सगळे उतरलेले. माझ्या छातीत डॉक्टरांनी स्प्रिंग बसवलेली. सगळ्यांच्या माना मागच्या टाक्यांकडे वळल्या.

"शी!" शीमामा म्हणाला.

"बाबा, नाहीतर एक वर्ष जाईल."

"जाऊ दे. मी बावीस वर्षं काढलीत इथं."

"म्हणून तर म्हणते. मलाही टाक्यांपाशीच उभं करायचंय का?"

हे त्याला लागलं. त्यानं नळी उचलली आणि औषधाच्या पाण्यात बुचकळली. चार वेळा.

"ही कुणाकुणाच्या तोंडात गेलीय ते मला माहितीये."

"धुतलीय ना पण?"

"कुणी?"

"तुम्हीच."

आता आली का पंचाईत! आपल्याच कामावर शंका घ्यायची, नाहीतर तोंड उघडायचं. त्यानं तोंड उघडलं. मास्कचा प्रश्न उरला. पोर म्हणाली, "मी थुंकू?" तेव्हा त्यानं डोळे मिटले आणि स्वतःच थुंकला.

मी होडीतच बसलो होतो, पुढचं नंतर ऐकलेलं. खाली सगळं डुलत होतं, मऊ प्रवाळ इकडून तिकडे, त्यांच्याबरोबर शीमामाही. पाणी हिरवट. त्यातून एक निळाजांभळा पोपटमासा आला, त्याच्या नाकासमोर खडक करकरा चावला, वळला आणि मागून पांढरा ढग सोडला. थेट मास्कवर.

शीमामाला भडभडून ओकारी आली. नळी काढायला त्याचा हात वर गेला. त्याआधी लेकीचा तळवा त्या नळीवर होता, घट्ट. तिनं बापाच्या डोळ्यांत बघितलं आणि हात काढलाच नाही. जे बाहेर पडलं ते नळीतूनच पडलं. तिनं बटण दाबून हवेनं नळी साफ केली. त्याला श्वास मिळाला. आणि त्या गढूळ पाण्यातून पिवळे, पट्ट्यांचे, ठिपक्यांचे मासे झुंडीनं आले आणि शीमामाच्या न्याहारीवर तुटून पडले! तिनं त्याचा पट्टा धरला आणि घाई न करता, पायरी पायरीनं यावं तसं वर आणलं.

होडीत तो पांढराफटक. "शी" सुद्धा नाही. एवढंच विचारलं, "पोरगी?"

"पास," बाई म्हणाल्या आणि शेरा वाचून दाखवला. "नवख्या व्यक्तीने सहा मीटरवर उलटी केली. उमेदवाराने नळी तोंडातून निघू दिली नाही व शांतपणे वर आणले."

"बाई, तो एक शब्द खोडा."

"तो खोडला तर पास कशाबद्दल करू?"

त्यानं थोडा विचार केला. मग म्हणाला, "राहू दे."

किनाऱ्यावर आल्यावर आपला सूट त्यानं आमच्याकडे पाठ करून दोनदा धुतला. मी जरा जवळ गेलो तर म्हणाला, "दाजी, लांब."

तो कागद आता दुकानात, सगळ्यांच्या नजरेसमोर, काचेत लावलाय. रोज सकाळी टाक्या भरायच्या आधी शीमामा कोऱ्या फडक्यानं ती काच पुसतो. गेल्या खेपेला एक पाहुणा ओला सूट हातात घेऊन तो शेरा वाचत खदखदून हसत होता.

"कोण हो हा माणूस?"

"मी," शीमामा म्हणाला. "आणि हात माझ्या लेकीचा."

मग पाहुण्याच्या हातातला सूट दोन बोटांत घेऊन नाकाशी नेला.

"शी! घाबरला तर तुम्हीपण होतात."