डोळ्यांखालचं काळं

वाचनालयाच्या तळघरात बावीस वर्षं फाटकी पुस्तकं शिवणाऱ्या बाईला सगळे बाइंडरबाई म्हणत. खळ, दाभण आणि पुठ्ठे एवढंच तिचं गणगोत. खाली सहसा कुणी फिरकत नसे. पुस्तकांचे गठ्ठे टाकायला शिपाई तेवढा यायचा आणि न चुकता विचारायचा, "बाई, झोप झाली नाही वाटतं?"

झोप तर चांगली आठ तास व्हायची. आई गेल्यापासून तिला उठवायला घरात होतंच कोण! पण डोळ्यांखाली काजळ फिसकटावं तशी काळी वर्तुळं होती, आणि लोक त्यांचा अर्थ लावून मोकळे व्हायचे. शेजारीण म्हणायची, "एवढं रडू नये हो." बाई रडत नव्हती. तिने काकडीच्या चकत्या ठेवून पाहिल्या, बटाट्याचा रस लावून पाहिला. जाहिरातीतलं मलम चोपडलं, तर कातडी चुरचुरायला लागली. शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती डॉक्टरीणबाईंकडे गेली.

त्यांनी भिंगातून पाहिलं, खालची पापणी ओढून पाहिली.

"डोळे चोळता का?"

"धूळ असते ना जुन्या पुस्तकांची. खाज सुटते, मग मनगटाने पुसते."

"पुसत नाही, घासता. घासून घासून कातडी काळवंडते. शिवाय फिकट दिसताय, रक्त तपासून घ्या. वयानेही इथली कातडी पातळ होते, आतल्या शिरा दिसायला लागतात. घरात कुणाला होतं असं? आईला?"

आईचा चेहरा आठवायला जावं तर शेवटच्या दुखण्यातला सुकलेला चेहराच डोळ्यांपुढे यायचा. त्याआधीची आई कशी दिसायची, हे सांगणारा जगात एकच माणूस उरला होता. तिचा थोरला भाऊ. त्या दुखण्यात तो एकदाही आला नाही, म्हणून गेली सहा वर्षं तिने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने त्याला फोन लावला.

"दादा, मी बोलतेय."

"बरी आहेस ना?"

"आईच्या डोळ्यांखाली काळं होतं का रे? तरुणपणी?"

"हे विचारायला फोन केलास?"

"डॉक्टरांनी विचारलंय."

"होतं की! बाबा चिडवायचे तिला, चष्मा लावून झोपलीस काय म्हणून. तू तेव्हा पाळण्यात होतीस." त्याचा आवाज उतरला. "मलाही आहे. दाढी करायला आरशापुढे उभा राहिलो की आईच दिसते."

"वहिनी काही लावायला देत नाही का?"

"तुझी वहिनी जाऊन दोन वर्षं झाली."

बाईच्या हातातला डबा तसाच राहिला. "कळवलं नाहीस?"

"तू फोन उचलला असतास?"

उचलला नसता. हे तिलाही ठाऊक होतं.

रक्त खरोखरच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या, खाजेसाठी थेंब, कामावर नाकातोंडाला फडकं, डोळ्यांवर गार पाण्याची घडी असं सुरू झालं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "घासल्याचं काळं हळूहळू जाईल. आईकडून आलेलं मात्र राहणार."

"ते राहू दे," बाई म्हणाली.

तीन महिन्यांनी रंग बराच उजळला. एका रविवारी ती बसने दादाकडे गेली. त्याने दार उघडलं, क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला आणि "ये" म्हणाला. चहा त्यानेच केला. वहिनीच्या आजाराबद्दल तो चार वाक्यं बोलला, बाईने त्यालाही रक्त तपासून घ्यायला सांगितलं, तो "बघू" म्हणाला. मग दोघांकडचंही बोलणं संपलं आणि ती परतीच्या बसला लागली.

घरी पोचल्यावर तिने फोन केला. "पोचले."

"बरं," तो म्हणाला.

फोन मात्र दोघांनीही लगेच ठेवला नाही.