गाठीला कान लावणारे भाऊसाहेब

भाऊसाहेबांना मी प्रथम पाहिले ते भर दुपारी, अकोल्याच्या त्यांच्या जीनच्या, म्हणजे सरकी काढण्याच्या कारखान्याच्या, आवारात. कापसाच्या एका गाठीला कान लावून ते उभे होते. अमरावतीहून नोकरी शोधत आलेला मी मनात म्हणालो, मालक वेडा दिसतो. त्यांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात ही कबुली आधीच देऊन टाकतो.

वऱ्हाडात जीन-प्रेस पुष्कळांनी काढल्या, पण भाऊसाहेबांइतकी भरभराट थोड्यांचीच झाली. लोक तिचे श्रेय त्यांच्या सचोटीला देतात, तेव्हा ते चिडतात. "मी का धरमशाळा काढली? मले नफा पायजे," असे त्यांनी डेप्युटी कमिशनरसाहेबांनाही सुनावले आहे. पण नुसत्या नफ्यामागे लागलेला माणूस बांधलेली गाठ सात दिवस आवारात पडू देत नाही. भाऊसाहेब देतात. भाव चढलेला असो की स्टेशनात मालगाडीच्या वाघिणी खोळंबलेल्या असोत, रोज दुपारी ते अनवाणी फिरून प्रत्येक गाठीला कान लावतात. सरकी काढणाऱ्या रेच्यातली एखादी ठिणगी रुईबरोबर दाबली जाते आणि आत दिवसचे दिवस धुमसत राहते. बाहेरून हात लावावा तर गाठ थंड.

पुढे त्यांनी मला भागीदार करून घेतले. पहिल्याच हंगामात भाव एकदम चढला आणि मी माझ्या वाट्याच्या गाठी पाचव्या दिवशीच वाघिणीत भरल्या. भाऊसाहेब आले, एका गाठीपाशी थांबले. "हे उतरवा."

"काहून? गाठ त थंड हाय."

आवाज न चढवता त्यांनी पट्ट्या तोडायला लावल्या. पांढरीशुभ्र रुई उलगडत गेली आणि मधोमध काळा खड्डा निघाला, त्यात लाल निखारा. वाघिणीत अजून चार हमाल होते. त्यांना मी ओरडून खाली उतरवले.

"तुमाले कसं समजलं, भाऊसाहेब?"

"गाठीत किसन खोकलते," ते म्हणाले.

किसन हा त्यांचा पाठचा भाऊ. एका गाठीतून धग लागते, असे त्याने फार वर्षांपूर्वी सांगितले होते. भाव चांगला होता, म्हणून भाऊसाहेबांनी त्याला गप्प केले. त्याच दुपारी किसन गाठींच्या सावलीत निजला, तो आगीतच गेला.

माझ्या चुकीबद्दल मात्र त्यांनी मला एका शब्दाने दुखावले नाही. संध्याकाळी घरी आले, माझ्या पत्नीकडून वांग्याचे भरीत मागून घेतले आणि दुपारचा विषयही काढला नाही. हे मी विसरलेलो नाही. खोकल्याचे म्हणाल, तर तो त्यांच्या मनाचा खेळ, असेच मी इतकी वर्षे धरून चाललो.

यंदा भाऊसाहेबांचे कान गेले. परवा दुपारी त्यांनी मला हाताला धरून गाठींपाशी नेले. "आता तुमी आयका." त्यांचे मन राखायचे म्हणून मी कान लावला. तिसऱ्या ओळीत कोणीतरी खोकले, अगदी कानाशी. मग हाक आली. गाठ फोडली, तर आत निखारा होता.

"काय म्हणते किसन?" त्यांनी विचारले.

मी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितले, "भाऊ म्हणून हाक मारली."

त्यांचे डोळे भरून आले. "मले त नुसता खोकलाच आयकू ये," ते म्हणाले.

भाऊसाहेबांना निरोगी शतायुष्य लाभो. त्यांच्याच रोखठोकपणाने सांगतो, यात माझा स्वार्थ आहे. ती हाक आता मला ऐकू येते, आणि तिला ओ देणारे माणूस माझ्या शेजारी उभे असले पाहिजे.